कैसराचं किती, देवाचं किती? विश्वासणारा, युद्ध आणि देशाचं देणं

प्रश्न असा आहे: "मुलाला सैन्यात जायचं आहे. मंडळीतले एक वडील म्हणतात, 'तलवार धरणारे तलवारीनेच नाश पावतील' असं खुद्द प्रभूने सांगितलं, तेव्हा ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरायचंच नाही. दुसरे पौलाच्या रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय उघडतात: अधिकारी देवाने नेमलेले आहेत, ते बोलावतील तेव्हा जायचं, उलट विचारायचं नाही. दोघंही वचनच दाखवतात. आम्ही कोणाचं ऐकायचं?"

दोघांचंही पुरतं ऐकू नका. देशाचं देणं विश्वासणाऱ्याला लागतं यात शंका नाही, पण त्याला हद्द आहे, आणि ती हद्द कुठे पडते हे शपथ घेण्याआधी ठरवावं लागतं. चूक होते ती इथेच. वर्दी अंगावर चढते, हुकूम सुटतो आणि मग शास्त्र उघडलं जातं. तोवर नकाराची किंमत भलतीच वाढलेली असते.

आधी वचनं. तलवारीबद्दलचं मत्तय २६:५२ चं वाक्य गेथशेमाने बागेत पेत्राला उद्देशून आहे. त्याने प्रमुख याजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान छाटला होता (योहान १८:१०). येशूला वाचवायला उपसलेली तलवार येशूनेच म्यानात घालायला लावली. त्याला जोडून पिलातासमोरचं बोलणं वाचा, योहान १८:३६: माझं राज्य या जगाचं असतं तर माझ्या माणसांनी लढाई केली असती. यातून एक गोष्ट पक्की निघते. ख्रिस्ताचं राज्य तलवारीने वाढवायचं नाही आणि राखायचंही नाही. १०९५ मध्ये क्लेर्माँ इथे पोप दुसरे अर्बन यांनी क्रुसेडची, म्हणजे धर्मयुद्धाची, हाक दिली ती या वचनाच्या तोंडावर दिली, तिची भलामण करू नये. पण हल्लेखोरापासून शेजाऱ्याला वाचवणारा शिपाई या वाक्याच्या कक्षेत येतो का, हा निराळा प्रश्न आहे आणि खरा वाद तिथे आहे.

'दुसराही गाल पुढे कर' सांगणाऱ्या मत्तय ५:३९ मधला 'उजवा गाल' बारकाईने पाहा. मारणारा उजव्या हाताचा असेल तर समोरच्याच्या उजव्या गालावर त्याची चपराक बसते ती पंजाच्या पाठीने. तिचा हेतू इजा करण्यापेक्षा पाणउतारा करण्याचा. म्हणून बरेच भाष्यकार म्हणतात की हे वचन अपमान गिळण्याबद्दल आहे. कोणी शेजाऱ्यावर सुरा उगारला तर हाताची घडी घालून बघण्याबद्दल नाही. ते बरोबर आहे. तिथेच थांबलं तर मात्र पळवाट होते. दोनच ओळींनंतर 'वेठीस धरून एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जा' येतं, आणि त्या काळी लोकांना असं वेठीला धरून ओझं वाहायला लावायचा तो रोमी शिपाई. 'वैऱ्यांवर प्रीती करा' या ४४ व्या वचनातला 'वैरी' ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चिलखत घालूनच उभा राहिला असणार.

सहाव्या आज्ञेवरून मराठी वाचकाने फार भांडू नये. आपल्या भाषांतरात निर्गम २०:१३ 'खून करू नको' असंच आहे. मूळ हिब्रू शब्द 'रात्साह'. रणात शत्रू मारण्यासाठी हिब्रूत सहसा दुसरे शब्द येतात. त्याच नियमशास्त्रात 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २० वा अध्याय युद्धाचे नियम घालतो: नवं घर बांधलेला, नवा द्राक्षमळा लावलेला, वाङ्‌निश्चय झालेला आणि ज्याची छाती धडधडते असा, या चौघांना घरी पाठवा, नगराला आधी तहाची बोली करा, वेढा लांबला तरी फळझाडांवर कुऱ्हाड घालू नका. लगेच कोणी म्हणेल की याच अध्यायात कनानी नगरांतला एकही जीव जिवंत ठेवू नका असंही आहे. आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा यायला हवा. ती आज्ञा एका काळापुरती आणि एका भूमीपुरती होती. आजचं कुठलंही राष्ट्र स्वतःला इस्राएल समजून यहोशवाच्या पुस्तकातून लढाईचा परवाना काढू शकत नाही. दाविदाच्या लढायांत देव त्याच्या पाठीशी होता, तरी १ इतिहास २२:८ मध्ये त्याला सांगितलं जातं: तू फार रक्त सांडलंस, मंदिर तू बांधायचं नाहीस.

या चर्चेत सगळ्यात कमी वाचलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं वचन लूक ३:१४ आहे. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? 'नोकरी सोडा' असं तो म्हणत नाही. तीन गोष्टी सांगतो: धाकदपटशाने पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात भागवा. पहिल्या गोष्टीसाठी ग्रीकमध्ये 'दियासेइओ' हे क्रियापद आहे, म्हणजे गदागदा हलवणं. माणसाला धरून खिसा झाडून घेणं. तिसऱ्यातला 'ओप्सोनियोन' हा शिपायाच्या शिधा-पगाराचा शब्द. तोच शब्द पौल रोम ६:२३ मध्ये वापरतो: पापाचं वेतन मरण. शिपायाची परीक्षा रणांगणापेक्षा नाक्यावर, झडतीत आणि निःशस्त्र माणसासमोर जास्त वेळा होते हे योहानाला ठाऊक होतं. मुलाशी बोलायला बसाल तेव्हा या वचनापासून सुरुवात करा.

कफर्णहूमचा शताधिपती आणि प्रेषितांची कृत्ये १० मधला कर्नेल्य यांनाही कोणी वर्दी उतरवायला सांगितलं नाही. पण हा पुरावा मौनाचा आहे. सेवेत राहा असंही कोणी सांगितलं नाही. त्यावर जेवढं पेलेल तेवढंच वजन ठेवावं.

आता रोमकरांस पत्र. अध्यायांचे आकडे पौलाचे नाहीत, ते तेराव्या शतकात पडले. म्हणून १३ वा अध्याय १२:१७ पासून वाचायला घ्या. १२:१९ मध्ये पौल म्हणतो, सूड उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. १३:४ मध्ये अधिकारी हा देवाचा सेवक, वाईट करणाऱ्यावर क्रोध आणणारा. 'सूड उगवणे' (एक्दिकेओ) आणि 'शासन करणारा' (एक्दिकोस) हे ग्रीकमध्ये एकाच धातूचे शब्द आहेत, आणि 'क्रोध' (ओर्गे) तर दोन्हीकडे तोच. म्हणजे व्यक्तीच्या हातातून जे काढून घेतलं तेच, मोजून-मापून, शासनाच्या हातात दिलं. शिपायाचा हात कोणाचा म्हणायचा, त्याचा स्वतःचा की शासनाचा, यावर पुढची सगळी परंपरा दुभंगली. शांततावादी विचारवंत आणखी एक बोट ठेवतात: इथली तलवार गावगुंडांना आवरणारी, न्यायदानाची आहे, सीमेपलीकडच्या युद्धाबद्दल पौल इथे बोलतच नाही. आक्षेप वजनदार आहे, झटकून टाकू नये.

१३:१ मधला 'अधीन असावे' हा शब्द 'हुपोतास्सो' आहे. मुलांनी आईबापांच्या आज्ञा पाळाव्या (इफिस ६:१) तिथे पौल 'हुपाकूओ' वापरतो. अधीन राहणं म्हणजे आपल्यावर कोणाचा तरी अधिकार आहे हे मान्य करणं, आणि हुकूम मोडावा लागला तर त्याची शिक्षाही न पळता घेणं. मुलगे मारण्याचा फारोचा हुकूम सुइणींनी ऐकला नाही (निर्गम १:१७), राजाची बंदी असतानाही दानीएलाने प्रार्थनेची खिडकी बंद केली नाही, आणि प्रेषितांनी न्यायसभेला तोंडावर सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रे. कृ. ५:२९). १३:७ मध्ये अधिकाऱ्याला काय काय द्यायचं त्याची यादी आहे: कर, जकात, धाक, मान. विवेकबुद्धी आणि उपासना त्या यादीत नाहीत. 'प्रश्न विचारायचा नाही' हे वाक्य पौलाचं नव्हे.

मंडळीने हे जगून कसं पाहिलं? पहिली तीन शतकं कल स्पष्टपणे शस्त्राविरुद्ध होता. उत्तर आफ्रिकेतला जुना ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन म्हणतो की पेत्राच्या हातून तलवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडवला. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या मंडळीच्या जुन्या नियमावलीत आधीच सैन्यात असलेल्याला सवलत आहे, पण अटीवर: हुकूम झाला तरी जीव घ्यायचा नाही आणि शपथ घ्यायची नाही. शिकाऊ विश्वासणारा नव्याने भरती होऊ लागला तर त्याला बाप्तिस्म्याच्या वर्गातून काढा. कारणं दोन होती, रक्त आणि मूर्तिपूजा. सम्राटापुढे धूप जाळणं सैनिकी जीवनाचा भाग होता. एकच कारण सांगणारे, कोणत्याही बाजूचे असोत, अर्धंच सांगतात.

त्याच वेळी सैन्यात ख्रिस्ती लोक होतेही. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तेबेस्सा इथे २१ वर्षांच्या मॅक्सिमिलियनला भरतीसाठी उभं केलं. उंची मोजली, गळ्यात शिपायाच्या ओळखीचा शिशाचा शिक्का अडकवू लागले, तो म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला सैनिकी करता येत नाही. प्रोकॉन्सुलने, म्हणजे प्रांताच्या रोमी सुभेदाराने, त्याला आठवण दिली की सम्राटांच्या खास पथकांतही ख्रिस्ती शिपाई आहेत. उत्तर: त्यांचं त्यांना ठाऊक, मी वाईट करू शकत नाही. त्याचा शिरच्छेद झाला. दुसऱ्या ख्रिस्ती शिपायांना त्याने नावं ठेवली नाहीत, हे मंडळीतल्या दोन्ही वडिलांनी पाहण्यासारखं आहे.

ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या रोमी सम्राट कॉन्स्टन्टाइननंतर चित्र पालटलं. पण एक धागा तुटला नाही. चौथ्या शतकात बसील हा बिशप युद्धात मारणाऱ्याला खुनी म्हणत नाही, तरी त्याचे हात स्वच्छ नाहीत म्हणून तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहण्याचा सल्ला देतो. इंग्लंडमधल्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर तर जिंकलेल्या नॉर्मन सैन्यालाच प्रायश्चित्त लावलं गेलं: ठाऊक असलेल्या प्रत्येक वधामागे एक वर्ष, जखमी केला पण मेला की जगला माहीत नाही, तर माणशी ४० दिवस. जिंकलेल्यांना! आजच्या विजयसभांतल्या उपासना पाहिल्या की हे आकडे आठवतात.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने या विषयाला बैठक दिली. त्याचं म्हणणं, युद्धात खरं वाईट मरणापेक्षा मारण्याची हौस, क्रूरपणा आणि सत्तेची भूक हे आहे. बोनिफास या सेनाधिकाऱ्याला तो लिहितो की इच्छा शांतीची असावी आणि युद्ध केवळ गरजेपोटी. तेराव्या शतकात धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस न्याय्य युद्धाच्या तीन अटी बांधतो: युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेली सत्ता, न्याय्य कारण, सरळ हेतू. पुढे आणखी भर पडली: बाकीचे उपाय संपलेले असावेत, यशाची वाजवी शक्यता असावी, होणारा अनर्थ टाळलेल्या अनर्थापेक्षा मोठा नसावा. हे युद्धात उतरण्याआधीचे. लढताना दोन: निःशस्त्रांना लक्ष्य करायचं नाही, आणि लागेल त्याहून जास्त बळ वापरायचं नाही. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अख्खी शहरं सरसकट उद्ध्वस्त करणं हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध गुन्हा ठरवला, तो या दोन नियमांच्याच आधारावर.

या अटी वापरताना गाडी नेमकी कुठे घसरते? निर्णय झाल्यावर त्या काढल्या जातात, शिक्का मारायला. 'न्याय्य कारण' या एका खणावर बरोबरची खूण केली की बाकीचे खण कोणी भरत नाही. कारण खरंच न्याय्य असून साधन सैतानी असू शकतं. दुसरी घसरण साध्या शिपायाच्या बाबतीत होते. सरकारपुढचे कागद त्याच्यापुढे नसतात, तेव्हा युद्ध न्याय्य की अन्याय्य हे त्याने कसं ठरवायचं? सैनिकांवरच्या १५२६ च्या पुस्तिकेत जर्मन धर्मसुधारक ल्यूथरचं उत्तर सरळ आहे: युद्ध अन्यायाचं आहे हे पक्कं कळलं तर माणसांपेक्षा देवाला भी, जाऊ नको, भोगावं लागेल ते भोग, कळायला मार्गच नसेल तर निश्चित असलेलं आज्ञापालन अनिश्चित शंकेपायी सोडू नको. सोळाव्या शतकातला स्पेनचा धर्मशास्त्री विटोरियाही खात्री पटलेल्या प्रजाजनाला लढायची मनाई करतो. दोघेही न्याय्य युद्ध मानणारेच.

पंथांचं थोडक्यात. ल्यूथरपंथीयांचा १५३० चा ऑग्सबर्गचा विश्वासनामा आणि अँग्लिकनांच्या ३९ कलमांतलं ३७ वं कलम न्याय्य युद्धात सेवा करायला मोकळीक देतात. ॲनाबॅप्टिस्ट या शांततावादी पंथाचा १५२७ चा श्लाइटहाइमचा जाहीरनामा म्हणतो की तलवार देवाने नेमली खरी, पण ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेर. मेनोनाइट आणि आमिश त्या वाटेने आले. क्वेकरांनी १६६० पासून सगळ्या युद्धांना नकार दिला. आपली मंडळी कोणत्या परंपरेतली हे पाळकांना स्पष्ट विचारा आणि लेखी विश्वासनामा मागा. पुष्कळांना तो असतो हेच ठाऊक नसतं.

मग मुलाने ठरवायचं कसं? एका कागदावर चार उत्तरं लिहायला लावा. एक, मी एखाद्या तरी परिस्थितीत जीव घेऊ शकतो का? दोन, नसेल, तर सैन्यात राहून शस्त्राविना सेवा, वैद्यकीय पथकासारखी, मला चालेल का? तीन, लढू शकतो, तर कोणते हुकूम मी मानणार नाही? चार, त्याची शिक्षा भोगायची माझी आणि घराची तयारी आहे का? तिसऱ्याच्या उत्तरात 'वाईट हुकूम' असं मोघम चालणार नाही. शरण आलेल्याला मारणं, कैद्याचा छळ, वस्तीवर सूड, खोटा अहवाल, असं नाव घेऊन लिहायचं. मोघम ठरवलेली हद्द दमलेल्या, घाबरलेल्या माणसाला आयत्या वेळी दिसत नाही. 'वरून हुकूम होता' या सबबीने गुन्ह्यातून सुटका होणार नाही हे नाझी नेत्यांवरच्या खटल्यासाठी केलेल्या १९४५ च्या न्युरेंबर्ग सनदेतच लिहिलेलं आहे, हेही त्याला माहीत हवं.

हुकूम नाकारायची वेळ आलीच तर तो पुन्हा स्पष्ट सांगायला सांगावं, 'हे मी करणार नाही' एवढंच आदराने म्हणावं, शक्य तितक्या लवकर वरिष्ठाला किंवा सैन्यातल्या पाळकांना कळवावं, तारीख-वेळ लिहून ठेवावी. पळून जाऊ नये, आजारपणाचं सोंग करू नये. खोटेपणा मिसळला की विवेकाचा नकार नुसता कामचुकारपणा दिसतो, आणि पुढच्या खऱ्या माणसावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

जिथे सक्तीची भरती आहे तिथे विवेकाच्या कारणावरून नकार द्यायची कायदेशीर वाट आहे का, हे बोलावणं येण्याआधी तपासा; पुष्कळ देशांत अर्जाला मुदत असते. ब्रिटनमध्ये १९१६ च्या भरती कायद्यात अशी तरतूद होती. तिथल्या न्यायमंडळांपुढे ठरलेला प्रश्न यायचा, तुझ्या बहिणीवर जर्मन शिपाई चालून आला तर काय करशील? ज्यांनी नुसती वचनं पाठ केली, विचार केला नाही, तो तिथे अडखळणारच. घरातला चोर आवरणं, पोलीस बोलावणं आणि युद्धात मारणं यांत फरक मानता की नाही, मानत असाल तर का, हे स्वतःच्या शब्दांत मांडता आलं पाहिजे. एक खाचही लक्षात ठेवा: 'सगळी युद्धं नको' म्हणणाऱ्याला कायदा अनेक ठिकाणी ऐकून घेतो, 'हे युद्ध अन्यायाचं' म्हणणाऱ्याला क्वचित. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये नेमकं असंच ठरवलं. न्याय्य युद्धाच्या शिकवणीत वाढलेल्या माणसाची त्यामुळे सर्वांत जास्त कोंडी होते. ऑस्ट्रियाचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर हिटलरच्या सैन्यात लढायला तयार झाला नाही. त्याच्या बिशपनेही त्याला बायको-मुलींकडे बघ असंच सांगितलं. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला, आणि २००७ मध्ये त्याच कॅथलिक मंडळीने त्याला धन्य घोषित केलं.

मधली वाटही खरी आहे, पळपुटी नाही. ॲडव्हेंटिस्ट पंथाचा अमेरिकन डेझ्मंड डॉस १९४५ मध्ये जपानमधल्या ओकिनावाच्या कड्यावर बंदूक न धरता वैद्यकीय शिपाई म्हणून गेला आणि सुमारे ७५ जखमींना दोराने खाली उतरवलं. देशाचं देणं त्याने कमी दिलं असं कोणी म्हणू शकलं नाही. शपथेचीही अडचण काहींना असते, 'शपथ वाहूच नका' म्हणणाऱ्या मत्तय ५:३४ मुळे. अनेक देशांत देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गांभीर्याने प्रतिज्ञा करता येते. तसं आधी सांगावं लागतं.

मुलगा गेला, तर मंडळीने काय करायचं? १ तीमथ्य २:२ प्रमाणे अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, मुलासाठी नाव घेऊन करा, आणि त्याच प्रार्थनेत पलीकडच्या बाजूच्या आयांसाठीही करा. ते जड जातं, पण मत्तय ५:४४ ला दुसरी जागा नाही. व्यासपीठावरून शत्रुराष्ट्राची टिंगल नको. तो सुट्टीवर आला की 'किती मारले?' हा प्रश्न कोणीही, गमतीतही, विचारायचा नाही, हे तरुणसंघाला आधीच सांगून ठेवा. हल्ली ज्याला नैतिक जखम म्हणतात ती भीतीच्या आघातापेक्षा वेगळी असते: त्यात माणसाला आपल्याच हातांची शिसारी येते. 'तू देशासाठी केलंस, विसरून जा' याने ती चिघळते. बसीलचा नियम तसाच लागू करायची गरज नाही, पण पाळकांनी एकट्याने बसून त्याची कबुली पूर्ण ऐकावी, मध्ये समर्थन पुरवू नये, पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ त्याच्याबरोबर वाचावं आणि मग क्षमेचं वचन मोठ्याने, त्याचं नाव घेऊन उच्चारावं. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नको असं तो बोलला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं आणि रात्री त्याला एकटं सोडू नये.